शिक्षिका भरत असलेल्या प्रश्नावलीची काळजी

प्रश्न : आम्ही मेलबर्नला राहतो. मुलगी यंदा शाळेत जाऊ लागली असून, बालविकास जनगणनेसाठी शिक्षिका तिच्याविषयी प्रश्नावली भरणार आहेत. घरी आम्ही मराठीच बोलतो, त्यामुळे तिचे इंग्रजी कच्चे आहे. तिच्यावर ‘मागे पडलेली’ असा शिक्का बसेल का? – एक वाचक

उत्तर : नाही, कारण या जनगणनेत कोणत्याही एका मुलाचा निकाल लावला जात नाही. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात तयार झालेल्या प्रश्नावलीवर ती बेतलेली असून, ऑस्ट्रेलियात २००९ पासून दर तीन वर्षांनी ती देशभर होते. शारीरिक आरोग्य, सामाजिक वर्तन, भावनिक परिपक्वता, भाषा व आकलन आणि संवाद व सामान्यज्ञान या पाच अंगांविषयी शिक्षिका आपल्या निरीक्षणावरून उत्तरे देतात. मुलांची परीक्षा घेतली जात नाही. निष्कर्ष वस्तीनिहाय मांडले जातात. २०२१ मध्ये देशातील २२ टक्के मुले किमान एका अंगात दुर्बळ आढळली, परंतु हे प्रमाण वस्तीगणिक फार बदलते, आणि बालवाडी, वाचनालय किंवा वाचा-उपचाराची सोय आधी कोठे हवी, हे ठरवताना खरा उपयोग होतो तो या फरकाचाच.

इंग्रजीविषयीची तुमची शंका मात्र रास्त आहे. प्रश्नावलीत घरच्या भाषेची नोंद होते. तरीही मुलगी मराठीत गोष्ट नीट सांगते, हे शिक्षिकेला आवर्जून कळवा. मराठी बोलणे कृपया थांबवू नका.