वाचक विचारतात: पहाटेची थंडी, जुनं प्यूजो इंजिन आणि हीटर प्लग

प्रश्न: आमच्याकडे वडिलांनी घेतलेली महिंद्राची जुनी पिकअप आहे, प्यूजो इंजिनची. थंडीत पहाटे द्राक्षाचे क्रेट भरून पिंपळगावला निघायचं म्हटलं की सेल्फ मारून मारून बॅटरी बसते. कशीबशी चालू झाली की पांढरा धूर निघतो, गाडी थडथडते आणि दोन-तीन मिनिटांनी सुरळीत होते. दुपारी मात्र एका सेल्फला चालू. मेकॅनिक म्हणतो चारही हीटर प्लग बदला. नाशिकच्या दुकानात तीन प्रकार दाखवले: साधे, ‘फास्ट’ आणि सिरॅमिक. सिरॅमिक सगळ्यात महाग आणि दुकानदार म्हणतो तेच घ्या. कोणते घेऊ? शिवाय शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर हीटरशिवाय त्याच थंडीत चालू होतो, तो कसा?
– एक द्राक्ष बागायतदार, निफाड तालुका

उत्तर: भाऊ, सिरॅमिक घेऊ नका. हीटर प्लग म्हणजे डिझेल पेटावं म्हणून सेल्फच्या आधी इंजिनाच्या आत लाल तापणारी कांडी. तुमच्या गाडीला ११ किंवा १२ व्होल्टचे, आतून दोन कॉइल असलेले, स्वतःचा करंट स्वतः कमी करणारे धातूचे प्लग हवेत. त्यांनाच काही दुकानदार ‘फास्ट’ म्हणतात. पण त्याच नावाखाली दुसराही माल खपतो, म्हणून नावावर जाऊ नका. प्लगच्या अंगावर किंवा षटकोनावर व्होल्ट कोरलेले असतात, ते वाचूनच पैसे द्या.

कारण सांगतो. अलीकडच्या बऱ्याच डिझेल गाड्यांचे प्लग ४.४, ५ किंवा ७ व्होल्टचे असतात. त्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर बॅटरीचा करंट तोडून तोडून, मोजून देतो. तुमच्या गाडीत फक्त रिले आहे, म्हणजे लहान करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. तो बॅटरीचे सगळे व्होल्ट सरळ प्लगच्या माथी मारतो. तिथे ७ व्होल्टचा प्लग लावला तर काही सेकंदांत त्याची कॉइल जळते. सिरॅमिक प्लग पुष्कळदा याच जातीचे असतात, आणि ठिसूळही. बसवताना हातून पडला, बारीक तडा गेला आणि तो तुकडा इंजिनात उतरला, तर प्लगच्या किमतीची गोष्टच राहत नाही. महाग माल चांगलाच असतो हा समज या एका वस्तूपुरता तरी मनातून काढून टाका. १२ व्होल्टच्या गाडीला ११ व्होल्टचा प्लग कसा, असंही दुकानात कुणी विचारेल. चारही प्लग तापायला लागले की बॅटरीचे व्होल्ट खाली येतात, म्हणून तो आकडा तसा ठेवलेला असतो. तो बरोबर आहे.

आता ट्रॅक्टरचं. तुम्ही विचारलंत याचा मला आनंद झाला, कारण हे समजलं की बाकी सगळं समजतं. ट्रॅक्टरचं इंजिन डायरेक्ट इंजेक्शनचं, म्हणजे डिझेल थेट पिस्टनच्या डोक्यावरच्या खळग्यात फवारलं जातं. दाबलेल्या हवेची उष्णता तिथे फारशी वाया जात नाही. तुमचं प्यूजो इंजिन इनडायरेक्ट. त्यात डिझेल आधी हेडमधल्या छोट्या गोल कोठडीत पडतं, तिथे पेटतं आणि मग ज्वाळा सिलिंडरमध्ये येते. त्यामुळे इंजिन मऊ चालतं, आवाज कमी करतं. पण गार हेडमधली ती कोठडी पहाटे हवेची सगळी उष्णता शोषून घेते. म्हणूनच या इंजिनात हवा २२-२३ पट दाबूनही थंडीत हीटर लागतोच. निफाडला पारा पाच अंशांच्या खाली जातो हे आपण वर्तमानपत्रात दरवर्षी वाचतो. हीटरशिवाय हे इंजिन पुण्या-मुंबईत एखाद्या वेळी चालून जाईल, तुमच्या शिवारात नाही. आणि हे इंजिन आपल्याच जिल्ह्यातलं आहे. प्यूजोच्या परवान्यावर ते महिंद्राच्या इगतपुरीच्या कारखान्यात बनत असे. नीट ठेवलं तर ते अजून बरीच वर्षं तुमची द्राक्षं वाहील, म्हणून एवढं सविस्तर लिहितो आहे.

पैसे खर्च करण्याआधी प्लगच दोषी आहेत का, ते बघा. तुम्ही लिहिलेली लक्षणं प्लगकडेच बोट दाखवतात. पांढरा धूर म्हणजे डिझेल पोचतंय पण पेटत नाही. थडथड म्हणजे एक-दोन सिलिंडर उशिरा पेटतात. सेल्फ मारताना धूरच आला नसता तर मी तुम्हाला डिझेल फिल्टर, डिझेलच्या नळीत हवा धरणं आणि पंपाची सोलेनॉइड (डिझेल चालू-बंद करणारी विजेची झडप) बघायला सांगितलं असतं. तरी खात्री करा. चारही प्लग जोडणारी पट्टी काढा. टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या प्लसला लावा, दुसरं एकेका प्लगच्या वरच्या, पट्टी लागते त्या टोकाला. दिवा लागला नाही तो प्लग मेला. मीटर असेल तर गार इंजिनावर चांगला प्लग साधारण अर्धा ते दीड ओहम दाखवतो. मग पट्टी परत लावून, हीटर चालू करून पट्टीवरचे व्होल्ट मोजा. बॅटरीपेक्षा एका व्होल्टहून जास्त कमी असतील तर वायर किंवा रिले खराब आहे, आणि तिथे नवे प्लगही अर्धवटच तापतील. बऱ्याच जुन्या गाड्यांत हीटर ठरावीक वेळाने बंद करणारा टायमर काढून डॅशबोर्डवर नुसतं हॉर्नचं बटन बसवलेलं आढळतं. चार प्लग तापल्यावरही मिळून ४० अँपिअरच्या आसपास घेतात आणि सुरुवातीला त्याहून खूप जास्त. हॉर्नचं बटन हा भार कसा सोसणार? बटन ठेवायचंच असेल तर ते फक्त रिले ओढण्यासाठी ठेवा. रिले ७० अँपिअरचा घ्या, वायर जाड घ्या.

प्लग काढताना घाई नको. माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं हेच आहे. आदल्या संध्याकाळी प्लगच्या मुळाशी गंज सोडवणारं तेल सोडा, दुसऱ्या दिवशी इंजिन चालवून गरम करा आणि गरम असतानाच पाना लावा. अडला तर थोडा मागे, थोडा पुढे असं करत सोडवा. लांब पाइप घालून जोर लावू नका. १२ मिलिमीटर आट्यांचा प्लग ४५ न्यूटन-मीटरच्या (टॉर्क पान्यावर दिसणारं जोराचं माप) पुढे तुटायला लागतो. तुटलेलं टोक काढायला अनेकदा हेड उतरवावं लागतं.

निघालेले चारही प्लग ओळीने फडक्यावर ठेवा, कोणता कुठल्या सिलिंडरचा ते लक्षात ठेवा. मी प्लगपेक्षा ही टोकंच जास्त बघतो. टोक वितळलेलं, झिजून टोकदार झालेलं असेल तर त्या सिलिंडरचा नोझल (डिझेल फवारणारं तोंड) फवाऱ्याऐवजी धार मारतोय किंवा पंपाचं टायमिंग पुढे गेलंय, म्हणजे डिझेल वेळेआधी पडतंय. टोक फुगलेलं, अंगाला भेगा असतील तर रिले चिकटून राहतोय, बटन फार वेळ दाबलं जातंय किंवा अल्टरनेटर जास्त व्होल्ट देतोय. टोक शाबूत आणि तरी दिवा लागत नाही, तर प्लग वयाने गेला, बाकी काळजी नाही. पहिल्या दोन प्रकारांत आधी मूळ दोष काढा. नोझल खराब ठेवून नवे प्लग लावले तर पुढच्या थंडीआधीच ते जळतील, मग ते कुठल्याही कंपनीचे असोत.

दुकानात जाताना जुना प्लग खिशात न्या. तुमच्या इंजिनाला १२ मिलिमीटर व्यासाचे, १.२५ पिचचे (दोन आट्यांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये) आटे लागतात. नवा आणि जुना शेजारी धरून आट्यापासून टोकापर्यंतची लांबी जुळते का बघा. टोक लांब झालं तर ते डिझेलच्या फवाऱ्यात जाऊन जळतं, आखूड झालं तर कोठडीत पोचतच नाही. चारही एकाच कंपनीचे, एकाच नंबरचे घ्या. एक मेला म्हणून एकच बदलणं मला पटत नाही, बाकीचे तीन त्याच वयाचे असतात. मायकोचे, म्हणजे आताच्या बॉशचे, मिळाले तर उत्तम, पण त्या डब्यात नकली मालही भरून येतो. म्हणून दुकानदाराला म्हणा, एक प्लग बॅटरीवर लावून दाखव. प्लग पकडीत धरून बॅटरीला जोडला की चांगला दोन कॉइलचा प्लग काही सेकंदांत टोकाकडून लाल होतो आणि लाली मागे सरकते. जो मधूनच किंवा आट्यांजवळ आधी लाल होतो आणि टोक काळं ठेवतो, तो परत द्या. दुकानदार नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा, नाशिकला दुकानांची कमी नाही.

बसवण्याआधी भोकातला कार्बन साफ करून घ्या. मग प्लग बाहेर असताना, डिझेल बंद ठेवून, एकदा सेल्फ फिरवला की उरलेला कचरा बाहेर उडतो. तोंड लांब ठेवा. प्लग हाताने आट्यात बसवा आणि २० ते २५ न्यूटन-मीटरवर थांबा. वॉशर घालू नका, हा प्लग उताराच्या बैठकीवर बसतो. वरचा नट हलकाच आवळा.

प्रश्न: आमच्या ट्रॅक्सला थंडीत ‘स्टार्टिंग स्प्रे’ मारून चालू करतात. हीटरचा खर्च वाचतो असं ड्रायव्हर म्हणतो. चालेल का?
– एक वाचक भगिनी, अकोले

उत्तर: ताई, ते आजच बंद करा. तो स्प्रे इथरचा, म्हणजे चटकन पेट घेणाऱ्या द्रवाचा असतो. तापलेल्या हीटरला तो लागला तर हवेच्या नळीतच भडका उडू शकतो आणि स्प्रे धरलेला हात तिथेच असतो. हीटर बंद असला तरी इथर पिस्टन वर यायच्या आधीच पेटतो. त्यात रिंगा तुटतात, पिस्टनला तडे जातात. ऑइलच्या टाकीखाली चिंध्या पेटवून इंजिन गरम करणंही तितकंच जिवावरचं आहे.

ट्रॅक्सचं जुनं २.४ लिटरचं इंजिन मर्सिडीजच्या ओएम ६१६ घराण्यातलं, तेही इनडायरेक्ट. एक गोष्ट नक्की तपासून घ्या. या घराण्यातल्या सगळ्यात जुन्या जोडणीत उघड्या कॉइलचे जाड प्लग एकामागून एक, म्हणजे सिरीजमध्ये असतात. त्यातला एक गेला की चारही गार. नंतरच्या जोडणीत बारीक पेन्सिलसारखे प्लग, प्रत्येकाला वेगळा करंट. दोन्हींचे व्होल्ट आणि आटे निराळे, ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. तुमच्या गाडीत कोणते आहेत ते मेकॅनिककडून बघून घ्या आणि त्याच प्रकारचे मागा. चार पेन्सिल प्लगचा खर्च एका पिस्टनच्या कामापुढे फारच थोडा आहे, हे ड्रायव्हरला हिशेब करून दाखवा.