मोठे जुने नकाशे डिजिटाइझ करायचे आहेत; रोलरचा स्कॅनर घ्यावा का?

ग्रंथालयातले साधारण १२० × ९० सेंमीचे जुने नकाशे, त्यांतले काही गुंडाळलेले, काही कापडावर चिकटवलेले. अशांसाठी रोलरमधून कागद ओढणारा मोठा स्कॅनर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही चालणार. कडेला अर्धा सेंमीची चीर असली तरी ती रोलरमध्ये अडकून आतपर्यंत फाटत जाते, आणि तो कागद परत मिळत नाही. तो स्कॅनर आजच्या धडधाकट कागदावरच्या छापील नकाशांसाठी ठेवा. इथे नकाशा सपाट ठेवून वरून कॅमेऱ्याने तुकड्यातुकड्यांत टिपायचा.

आधी गणित. ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) हा नकाशा १४,१७३ × १०,६३० पिक्सेल होतो. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक फ्रेम (६००० × ४०००) साधारण ५० × ३४ सेंमी व्यापते. शेजारच्या फ्रेममध्ये ३० टक्के भाग सामाईक ठेवला तर १२ फ्रेम जेमतेम पुरतात. कडेला मोजपट्टी आणि रंगपट्टीही यायला हवी, म्हणून ४ × ४ अशा १६ घ्या.

गुंडाळी उलटी वळवून सरळ करू नका, त्याने तंतू तुटतात. टिपकागदांमध्ये ठेवून वर हलकं वजन द्या आणि काही दिवस थांबा. कागद कडकडत असेल तर तो संवर्धकाकडेच जाऊ द्या. हाताने रंगवलेल्या नकाशांवरचा हिरवा रंग भिंगातून बघा: तो बहुतेकदा तांब्याचा असतो, खालचा कागद तपकिरी करून ठिसूळ करतो, आणि रेघेरेघेने भेगा पडतात. अशा ठिकाणी नकाशा सपाट दाबायला वर काच ठेवू नका. पॉलिएस्टर फिल्म तर मुळीच नको, तिच्या स्थिर विजेने रंगाचे कण उचलले जातात.

कॅमेरा पाटाला समांतर आहे का, हे आरशाने तपासा. पाटावर छोटा आरसा सपाट ठेवायचा आणि लेन्सचं प्रतिबिंब फ्रेमच्या बरोबर मध्ये येईपर्यंत कॅमेरा हलवायचा. दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत, लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/८, फोकस आणि एक्स्पोजर मॅन्युअल. मग कॅमेरा जागचा हलवायचा नाही. नकाशा ज्या पाटीवर आहे ती पाटीच सरकवायची.

खरी गोची फ्रेमच्या जोडणीत होते. हगिन या फोटो जोडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये साधा पॅनोरामा केलात तर सरळ चौकट कमानीसारखी वाकते, कारण तिथे कॅमेरा जागच्या जागी फिरला असं गृहीत धरलेलं असतं. मोझॅक मोड वापरा, त्यात कॅमेरा न फिरता बाजूला सरकला असं धरलेलं असतं. मोकळ्या समुद्राच्या भागात सॉफ्टवेअरला जुळवायला काही सापडत नाही. तिथे अक्षांश-रेखांशांच्या रेघा, कागदावरचे डाग, घडीच्या खुणा यांवर नियंत्रणबिंदू (दोन फ्रेममध्ये जुळणाऱ्या जागा) हाताने द्या. पर्वत दाखवणाऱ्या बारीक रेघांवर उलटाच त्रास होतो: त्या एकसारख्या असल्याने जोड चुकीच्या रेघेवर बसतो आणि नजरेला पटतोही. म्हणून शेवटी मोजाच. स्टीलच्या टेपने १०० सेंमी भरणारी रेघ ३०० पीपीआयला ११,८११ पिक्सेल आली पाहिजे.

मास्टर, म्हणजे जपून ठेवायची मूळ डिजिटल प्रत, १६ बिट टिफमध्ये ठेवा. या नकाशाची फाइल सुमारे ९०० एमबी होईल. कागद आडवा-उभा वेगवेगळा आकसतो, त्यामुळे मूळ चौकट तिरकी असेल तर मास्टरमध्येही तिरकीच राहू द्या. घडीसाठी कापून कापडावर लावलेल्या नकाशांतल्या फटीही मास्टरमध्ये बुजवू नका. जिओरेफरन्सिंगसाठी (नकाशा खऱ्या अक्षांश-रेखांशांशी जुळवण्यासाठी) वेगळी प्रत काढा, आणि नकाशावर शून्य रेखावृत्त कोणतं धरलंय ते आधी वाचा: पॅरिसचं असेल तर ग्रीनिचपासून २ अंश २० मिनिटांचा फरक पडतो.