जुना प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला तर जळतो का?

तुमच्याकडे एएमडीचा जुना प्रोसेसर एफएक्स-6300 पडून आहे, हातात 15 हजार आहेत. त्यात ओव्हरक्लॉक करून, म्हणजे कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवून, गेमिंग पीसी होईल का आणि व्होल्टेज वाढवलं तर प्रोसेसर जळेल का, असं तुम्ही विचारलंय. जळण्याचं आधी सांगतो, कारण याच गोष्टीवरून आमच्या घरात दहा वर्षं वाद चालला. प्रोसेसर सहसा जळत नाही. त्याला वीज पुरवणारा मदरबोर्ड जळतो, आणि नाव प्रोसेसरचं खराब होतं.

2014 साली नाशिकला दादाने आणि मी पैसे काढून एक पीसी असेंबल केला. दादा लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करायचा, मी डिप्लोमाला होतो. एफएक्स-6300 ही माझी निवड. सहा कोअर, 3.5 गिगाहर्ट्झ, मल्टिप्लायर (बोर्डाच्या मूळ वेगाला ज्याने गुणून प्रोसेसरचा वेग ठरतो तो आकडा) खुला, म्हणजे बदलता येणारा. तेवढ्याच पैशांत इंटेलचे दोन कोअर मिळत होते. बोर्डावर मात्र दादा अडून बसला. मला मॉसफेटवर (प्रोसेसरला वीज देणाऱ्या बोर्डावरच्या छोट्या चिपांवर) हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढणारा धातूचा ठोकळा, असलेला बोर्ड हवा होता, अडीच-तीन हजार जास्त पडत होते. "बोर्ड काय, सगळे सारखेच. त्या पैशांत मी हार्ड डिस्क घेईन," दादा म्हणाला. दुकानदारानेही मान डोलावली. दुकानातला सगळ्यात स्वस्त बोर्ड घरी आला: 4+1 फेज (वीज वाटून देणारे मार्ग, त्यातले चार प्रोसेसरच्या कोअरसाठी), मॉसफेट उघडे.

कूलर मी चांगला टाकला होता, 120 मिलिमीटर पंख्याचा टॉवर. मल्टिप्लायर 17.5 वरून 21 वर नेला, म्हणजे 4.2 गिगाहर्ट्झ, आणि व्होल्टेज 1.3 च्या आसपास होतं ते 1.4 केलं. पाच तासांचं रेंडर (एडिट केलेला व्हिडिओ अंतिम फाइल म्हणून तयार करणं) साडेचारात व्हायला लागलं. दादा खूश होता, हे तो आता कबूल करत नाही.

मे महिन्यात एक विचित्र गोष्ट सुरू झाली. रेंडर चालू असताना मधेच वेग 1400 मेगाहर्ट्झवर यायचा आणि अर्ध्या मिनिटात परत वर जायचा. प्रोसेसरचं तापमान बघावं तर 55. मी सॉफ्टवेअरवर संशय घेत बसलो, ही माझी चूक. बोर्ड स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा वेग पाडत होता. तुमच्या मशीनवर हे दिसलं तर त्याच दिवशी ओव्हरक्लॉक काढा.

मग एका रात्री अडीच वाजता चट्ट असा आवाज झाला, स्क्रीन काळी, आणि खोलीभर जळक्या बेकलाइटचा वास. झाकण काढलं. प्रोसेसरच्या डावीकडे, चार पिनांच्या कनेक्टरजवळ, एका मॉसफेटच्या पाठीला मोहरीएवढं भोक पडलं होतं. बोर्ड उलटा केला तर त्याच जागी रुपयाएवढा तपकिरी डाग. तो डाग एका रात्रीत पडलेला नव्हता.

त्याच संध्याकाळी दादाच्या गिऱ्हाइकाकडे सत्यनारायण होता आणि तिथे व्हिडिओ दाखवायचा होता. दादा हार्ड डिस्क घेऊन मित्राच्या दुकानात दिवसभर बसला. रात्री आल्यावर म्हणाला, "तुझ्या ओव्हरक्लॉकिंगने पीसी खाल्ला." पुढे प्रत्येक बारशाला, प्रत्येक मुंजीला हे वाक्य ऐकलं.

आता हिशेब बघा. प्रोसेसर 95 वॉटचा. खाल्ली जाणारी वीज वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. 3.5 चे 4.2 आणि 1.3 चे 1.4 केले की 95 चे साधारण 130 वॉट होतात. एसएमपीएसमधून (पीसीच्या पॉवर सप्लायमधून) 12 व्होल्ट येतात, बोर्ड त्याचे 1.4 करतो. 130 ला 1.4 ने भागा, नव्वदच्या वर अँपिअर. चार फेजमध्ये वाटले तर प्रत्येकीवर 23 अँपिअर, तेही तासन् तास, नाशिकच्या मे महिन्यात, हीटसिंकशिवाय. माझा टॉवर कूलर तर बाजूला हवा फेकत होता. कंपनीचा साधा कूलर निदान खाली बोर्डावर फुंकतो.

हे फक्त एफएक्सपुरतं नाही. 1998 चा इंटेलचा सेलेरॉन 300ए प्रोसेसर 66 मेगाहर्ट्झच्या बसवरून (बोर्डाच्या मूळ वेगावरून) 100 वर नेला की 450 वर पळायचा, हे सगळे कौतुकाने सांगतात. पण ज्या 440बीएक्स चिपसेटच्या बोर्डांवर तो पळायचा ते 100 साठीच बनवलेले होते, बोर्डाला काहीच जड जात नव्हतं. आणि लोक इंटेलचा आय5-2500के प्रोसेसर शोधून आणतात, एच61 बोर्डावर बसवतात आणि मल्टिप्लायर हलत नाही म्हणून रडतात. त्याला पी67, झेड68 किंवा झेड77 चिपसेटचा बोर्ड लागतो. बोर्ड सगळे सारखे नसतात.

माझ्या त्याच एफएक्सचं पुढे काय झालं? पिना शाबूत होत्या. 2016 ला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून 970 चिपसेटचा, मॉसफेटवर जाड हीटसिंक असलेला सेकंडहँड बोर्ड आणला आणि तो प्रोसेसर 4.4 वर चार वर्षं चालवला. 2020 मध्ये तो मूळ वेगावर आणून दादाकडे दिला. पुतणीची ऑनलाइन शाळा त्याच "खाल्लेल्या" पीसीच्या प्रोसेसरवर झाली. दादाला मी हे सांगितलं, तो म्हणाला, "नशीब."

तुमच्या 15 हजारांबद्दल. ओव्हरक्लॉकने 10-15 टक्के मिळतील, गेमिंगचा खरा फरक ग्राफिक्स कार्डाने पडेल. मोठा वाटा तिथे घाला. त्यातून चांगला एसएमपीएस वगळू नका. बोर्डही विकत घ्यावा लागणार असेल तर एएम3+ वर (एफएक्स ज्यात बसतो त्या जुन्या सॉकेटच्या बोर्डावर) एक रुपया घालवू नका, सेकंडहँड रायझेन (एएमडीचे एफएक्सनंतरचे प्रोसेसर) बघा. एफएक्सचा एकेक कोअर आजच्या मानाने कमजोर आहे, विंडोज 11 त्याला अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज 10 चा मोफत सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. शिवाय प्रोसेसर जळत नाही म्हटलं म्हणून 1.55 व्होल्ट देऊन बघू नका. जास्त व्होल्टेजने चिपही हळूहळू मरते. मी 1.425 च्या वर कधी गेलो नाही.

बोर्ड कुठला ते तुम्ही लिहिलेलं नाही. कॅबिनेट उघडा आणि प्रोसेसर नि चार किंवा आठ पिनांच्या कनेक्टरच्या मधली जागा बघा. तिथे हीटसिंक असेल तर टर्बो (प्रोसेसरने आपोआप वेग वाढवण्याची सोय) बंद करून मल्टिप्लायर 20 ला न्या, व्होल्टेजला हात लावू नका, आणि तासभर लोड देऊन वेग 1400 वर पडतो का ते बघा. उघडे काळे चौकोन दिसले तर 3.5 वरच वापरा.