सहा हजार पौंडांचा कॅम्पर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) जोडला की माझ्या २०१८ च्या चार दारांच्या फोर्ड एफ-१५० पिकअपचं बूड बसतं, रिकामी असली की आपटते. मागे सस्पेंशनची एअर बॅग लावू की स्प्रिंगचा एक पाटा वाढवू?

चार वर्षांपूर्वी हाच प्रश्न घेऊन मी इथे टेक्ससमध्ये एका दुकानात गेलो होतो. गाडीही तुमच्यासारखीच, चार दारांची एफ-१५०, आणि कॅम्पर तुम्ही लिहिलाय तसाच, सामानासकट ६,००० पौंडांच्या आसपास. दुकानदाराने काही न मोजता सांगितलं, "एक पाटा वाढवू." वाढवला. मागची बाजू दीड इंच वर आली, मी खूश. सोमवारी रिकामी गाडी घेऊन ऑफिसला निघालो तेव्हा कळलं. आमच्याकडचे हायवे काँक्रीटचे, थोड्या थोड्या अंतरावर जोड. प्रत्येक जोडाला मागची चाकं टुणकन उडायची. बायको म्हणाली, यापेक्षा एसटीच्या मागच्या सीटवर बरं होतं. तीन महिन्यांनी तो पाटा काढून टाकला.

म्हणून आधी हे सांगतो की गाडी मागे बसते हे दिसतं, पण खरा घोटाळा पुढे होतो. हिचचा, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या जोडणीचा, गोळा मागच्या ॲक्सलच्या बराच मागे असतो, त्यामुळे गाडीची तरफ होते. तुमच्याच कॅम्परचा हिशेब करा. टंग वेट, म्हणजे गोळ्यावर येणारं वजन, ट्रेलरच्या १० ते १५ टक्के असावं लागतं, त्याहून कमी असेल तर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. १३ टक्के धरले तर ७८० पौंड. गोळा ॲक्सलपासून ६० इंच मागे आणि व्हीलबेस (पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर) १४५ इंच असेल, तर पुढच्या चाकांवरून सुमारे ३२० पौंड उचलले जातात आणि मागच्या ॲक्सलवर ७८० नाही, जवळजवळ १,१०० पौंड येतात. स्टिअरिंग हलकं वाटतं, ब्रेकला पुढची पकड कमी पडते, रात्री आपले दिवे वर रोखले जाऊन समोरचा गाडीवाला लाइट मारत राहतो, त्याचं कारण हे.

आता एअर बॅग काय करते बघा. ती चासी आणि ॲक्सलच्या मध्ये बसते, हवा भरली की बूड वर ढकलते. गाडी सपाट दिसते. पण ते ३२० पौंड पुढे परत जात नाहीत, ते ॲक्सलवर जिथे होते तिथेच. पाटा वाढवला तरी तेच. ते वजन पुढे ढकलायचं काम वेट डिस्ट्रिब्यूशन हिचचं. तिचे दोन लांब स्प्रिंग बार ताणले की थोडं वजन पुढच्या ॲक्सलवर आणि थोडं ट्रेलरच्या चाकांवर जातं. माझ्या रिसीव्हरवरच्या (गाडीखालची, हिच ज्यात बसते ती चौकोनी नळी) स्टिकरवर तर बारांशिवाय ५०० पौंडांच्या वर टंग वेट नको असं छापलंच होतं. तुमचंही खाली वाकून वाचा, चिखल पुसावा लागेल.

मी मोजतो कसं तर पुढच्या मडगार्डवर चिकटपट्टीचा तुकडा लावतो आणि तिथून जमिनीपर्यंत टेप धरतो. ट्रेलर न जोडता एकदा, जोडून बार न लावता एकदा, बार ताणून एकदा. माझी गाडी जोडल्यावर पुढून पाऊण इंच वर यायची. बारांची साखळी एकेक कडी आवळत ती खाली आणली. किती आणायची ते गाडीच्या पुस्तिकेत असतं. पहिल्यापेक्षा खाली मात्र जाऊ देऊ नका.

त्याच्याही आधी ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा पेलोडचा, म्हणजे गाडीवर किती वजन लादता येतं त्याचा, स्टिकर वाचा. समजा त्यावर १,६०० पौंड आहे. चौघे जण ६००, हिच ८०, मागच्या हौद्यात जनरेटर, बर्फपेटी वगैरे २००, टंग वेट ७८०. झाले १,६६०. कॅम्परमध्ये पाण्याची टाकी भरून निघालात तर ४० गॅलन पाण्याने कॅम्परच ३३० पौंडांनी जड होतो, आणि टाकी कुठे आहे त्यावर टंग वेटही बदलतं. बॅग लावा, पाटा लावा, या आकड्यात एक पौंडही वाढत नाही. माझे वडील सांगलीकडे ट्रक चालवायचे. तिथे पाटे वाढवणं म्हणजे जास्त माल भरायचा परवाना असंच सगळे समजत. पाटा टिकायचा, मग हब नाहीतर टायर जायचा.

हे सगळं जमवूनही गाडी मागे थोडी बसतच असेल, तर मग मदतीची स्प्रिंग. इथे तुमच्या दुसऱ्या तक्रारीचा विचार करा. रिकामी असताना गाडी मऊ हवी, म्हणजे ओझं नसताना जी कामच करत नाही अशी वस्तू हवी. पाटा चोवीस तास कामावर असतो. बंप स्टॉपच्या (ॲक्सल चासीवर आदळू नये म्हणून असलेला रबरी ठोकळा) जागी बसणारी पोकळ रबरी स्प्रिंग रिकाम्या गाडीत ॲक्सलला टेकतही नाही, वजन आलं की टेकते. हवा नाही, नळी नाही, गळती नाही. मी शेवटी तीच लावली. दर वेळी वेगळं ओझं असेल, तर एअर बॅग बरी. फक्त डाव्या-उजव्या बॅगेच्या नळ्या वेगळ्या ठेवा, जोडल्या तर वळणावर हवा पलीकडे पळते आणि गाडी जास्त झुकते. रिकाम्या गाडीतही बॅगेत ५ पीएसआय तरी राहू द्या, नाहीतर ती चिमटून फाटते. आणि बार आवळून झाल्यावर बॅगा फुगवू नका. बूड वर आलं की बार सैल पडतात आणि पुढचं वजन पुन्हा जातं.

रिकाम्या गाडीचं आपटणं मात्र बहुतेक शॉक ॲब्सॉर्बरचं असतं. शॉक वजन उचलत नाही, स्प्रिंगचं नाचणं थांबवतो. तुमची २०१८ ची गाडी आहे आणि शॉक मूळचेच असतील तर ते संपलेत असंच धरा. मी चांगले मोनोट्यूब (एकाच नळीचे) शॉक घातले, पहिल्याच दिवशी फरक कळला. सोबत शॅकलचे (पाट्याचं टोक चासीला जोडणारा दुवा) बुश आणि पाट्यांच्या टोकांमधले प्लॅस्टिकचे तुकडे बघून घ्या. ते झिजले की पाटा पाट्यावर घासून कुरकुरतो. पाटे ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट सोडवलेच तर नवे घाला, शंभर मैलांनी पुन्हा आवळा.

आणि टायर. कुणीतरी एलटी (लाइट ट्रकचे, जड ओझ्याचे) टायर घालून ८० पीएसआय भरून दिलेत का ते आधी बघा. रिकाम्या गाडीला तेवढी हवा असेल तर कुठलाही शॉक तुम्हाला वाचवणार नाही.

पैसे खर्च करण्यापूर्वी ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे गाड्यांच्या वजनकाट्यावर, जा. पंधरा डॉलरच्या आसपास लागतात, पुढचा, मागचा आणि ट्रेलरचा ॲक्सल वेगवेगळा मोजून कागद देतात. एकदा नुसती गाडी, एकदा कॅम्पर जोडून, एकदा बार ताणून. ते आठ आकडे इथे टाका, म्हणजे बार किती आवळायचे आणि रबरी स्प्रिंग लागेल की नाही ते नेमकं सांगता येईल.