भाऊ आघाडीवर, आणि मी वही उघडून बसू?

ताई,

मी १६ वर्षांची आहे. शाळा संपायला अजून दोन वर्षं आहेत, पण शाळा म्हणावी असं आता फारसं काही उरलेलं नाही. इमारतीचा एक भाग पडला, म्हणून आठवड्यातून तीन दिवस तळघरात तास होतात. बाकीचे दिवस फोनवर, तेही वीज असली तर. बाबा युद्धाच्या आधीच गेले. आई दवाखान्यात दोन-दोन पाळ्या करते. धाकटा भाऊ ९ वर्षांचा आहे, त्याला मी बघते. मोठा भाऊ १९ वर्षांचा. सात महिने झाले, तो आघाडीवर आहे. कधी दोन-दोन आठवडे त्याचा काही निरोप नसतो.

सुट्टीच्या दिवशी मी मदत साहित्याच्या गोदामात खोकी भरायला जाते. तिथले मुकादम म्हणतात, पूर्ण वेळ ये, पगार देतो. घरात पैसे कमी पडतात. पण खरं सांगू का ताई, मला लाज वाटते. तो खंदकात आणि मी त्रिकोणमितीची गणितं सोडवतेय. सोडवतेय तरी कुठे! पान वाचते आणि खाली येईपर्यंत वरचं विसरून जाते. त्याला काही झालं तर तेव्हा मी काय करत होते, अभ्यास? शाळा सोडायचं जवळजवळ ठरवलं आहे. युद्ध संपलं की परत जाईन. आईला सांगितलं, ती काहीच बोलली नाही. गावाचं नाव छापू नका.

— मागे राहिलेली

पोरी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पैशाबद्दल तू एक ओळ लिहिली आहेस आणि भावाबद्दल जवळजवळ सगळं पत्र. म्हणून आधी भावाबद्दल बोलू. मी युद्धात वाढलेले नाही. भोंगा वाजून गेल्यावर अंधारात जागं पडून राहणं काय असतं हे मला कळतं, असं मी म्हणणार नाही.

‘तू शिकावंस म्हणून तर तो लढतोय’ असं तुला आजवर चार जणांनी तरी सांगितलं असेल. मी सांगणार नाही. तो तिथे का आहे आणि त्याला काय वाटतं, ते तोच सांगू शकेल. त्याच्या तोंडी शब्द घालण्याचा हक्क ना मला आहे ना त्या चार जणांना. पण तुझ्या लाजेचं मूळ मला दिसतं. त्याचं सगळं पणाला लागलेलं असताना आपलं काहीतरी शाबूत आहे, हे तुला सहन होत नाही. आपणही काही गमावलं तर जरा बरोबरी होईल असं मनाला वाटतं. हे प्रेमच आहे, त्यात चूक काही नाही. फक्त ती बरोबरी होत नाही. तू शाळा सोडलीस म्हणून त्याच्या दिशेने येणारा एकही गोळा वळणार नाही. एका घरातल्या एका मुलाचं शिक्षण युद्धाने आधीच थांबवलं आहे, तिथे दोघांचं थांबेल, एवढंच.

तुझी ती त्रिकोणमिती तुला क्षुल्लक वाटते. तुझ्या वयाच्या मुलांची शाळा काय किमतीची असते हे काही वेळा आपल्या आधी शत्रूने ओळखलेलं असतं. १९३९ मध्ये जर्मनीने पोलंड जिंकला तेव्हा आपल्या ताब्यातल्या मुलखात पोलिश मुलांची माध्यमिक विद्यालयं आणि विद्यापीठं बंद केली. प्राथमिक शाळा आणि धंदेशिक्षणाचे वर्ग मात्र बऱ्याच भागात चालू ठेवले. मुलांना अक्षर-आकडे यावेत, त्यांनी राबावं, पण पुढे जाऊन डॉक्टर, इंजिनीअर, न्यायाधीश होऊ नये, असा तो बेत होता. तेव्हा शिक्षकांनी गुप्त वर्ग सुरू केले. चार-सहा मुलं, कुणाच्या तरी घरातली खोली, दर वेळी वेगळा पत्ता. पकडले गेले तर छळछावणी, आणि कितीतरी शिक्षक खरोखर पकडले गेले. तरी त्या खोल्यांमधून शालान्त परीक्षासुद्धा घेतल्या गेल्या. तू शूर हो म्हणून हे सांगत नाही, तुला आणखी शूर व्हायची काही गरज नाही. चार-सहा मुलं हा आकडा मात्र लक्षात ठेव, त्याच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

आता तुझ्या पत्रातल्या ज्या वाक्याने मी खरी दचकले ते वाक्य: ‘युद्ध संपलं की परत जाईन.’

तू हे मनापासून लिहिलं आहेस, मला शंका नाही. पण हेच वाक्य याआधी लाखो मुलांनी मनापासून म्हटलेलं आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या मुख्य भूमीवर लढाई नव्हती, तरीही तिथल्या हायस्कुलांमधली मुलांची संख्या तीन-चार वर्षांत सुमारे १० लाखांनी घटली. कारखान्यांना माणसं हवी होती, पगार चांगला होता, आणि शाळेत बसून राहणं मुलांना तुझ्यासारखंच लाजिरवाणं वाटत होतं. शेवटी सरकारलाच मुलांना शाळेत परत पाठवायची देशव्यापी मोहीम काढावी लागली. युद्ध संपता संपता, १९४४ मध्ये, सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च उचलणारा कायदा झाला आणि पुढे २० लाखांहून जास्त माजी सैनिक कॉलेजात गेले. तो कायदा सैनिकांसाठी होता. शाळा सोडून कारखान्यात गेलेल्या मुलांसाठी तसं दार कुणी उघडलं नाही. तुझा भाऊ परत येईल तेव्हा त्याच्यासाठी काही सोय निघण्याची शक्यता बरीच आहे. तुझ्यासाठी निघेलच, यावर मी तुला विसंबू देणार नाही.

आणखी एक गोष्ट सांगते. आंद्रेआ इचिनो आणि रुडॉल्फ विंटर-एब्मर या दोन अर्थतज्ज्ञांनी २००४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९३० ते १९३९ या काळात जर्मनीत आणि ऑस्ट्रियात जन्मलेल्या, म्हणजे शाळेच्या वयात युद्ध वाट्याला आलेल्या मुलांचं शिक्षण इतरांपेक्षा कमी झालं होतं, आणि सुमारे ४० वर्षांनंतरही त्यांची कमाई त्यामुळे कमी होती. शेजारच्या स्वित्झर्लंडमध्ये आणि स्वीडनमध्ये, जिथे युद्ध पोचलं नव्हतं, तिथे ही घट दिसली नाही. ४० वर्षं! ती मुलं आळशी नव्हती. त्यांनाही परत जायचंच होतं. पण युद्ध संपतं त्या दिवशी घर बांधायचं असतं, कुणाला तरी पोसायचं असतं, वर्गातली मुलं दोन वर्षांनी लहान दिसू लागतात आणि पाय वळत नाहीत.

म्हणून माझं स्पष्ट मत: काम करायची वेळ आली तर कर, पण शाळेतून नाव कमी करू नकोस. दाखला काढू नकोस. हजेरी विस्कळीत होऊ दे, गुण घसरू देत, एखादं वर्ष लांबू दे. अर्धवट चालू असलेली शाळा पुन्हा नीट सुरू करणं सोपं असतं. पूर्ण सुटलेली शाळा पकडणं फार अवघड.

आता पैसे. ते खरोखर किती कमी पडतात हे तू लिहिलेलं नाहीस, आणि मला वाटतं तुलाही नक्की माहीत नाही. आई काहीच बोलली नाही असं तू म्हणतेस. दोन पाळ्या करून आलेल्या बाईचं गप्प राहणं म्हणजे होकारही नव्हे आणि नकारही नव्हे, ती दमलेली असते. तिच्या एखाद्या सुट्टीच्या सकाळी तिच्याजवळ बस. ‘शाळा सोडू का’ हे विचारूच नकोस, त्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही आईला देता येणार नाही. ‘महिन्याला किती येतात, किती जातात आणि किती कमी पडतात’ एवढंच विचार आणि कागदावर मांड. कदाचित तो खड्डा अर्ध्या पगारात भरणारा निघेल. मग मुकादमांना सांग की मी रोज चार तास येईन. ही मी काढलेली युक्ती नाही. अमेरिकेत त्या काळात काही ठिकाणी चार तास शाळा आणि चार तास काम अशीच सोय करून दिली होती. रात्रपाळी मात्र घेऊ नकोस, आणि अंगावर पेलणार नाही इतकं ओझं उचलायचं काम असेल तर तेही नको. खड्डा खरोखरच मोठा निघाला आणि पूर्ण वेळ जावंच लागलं, तर शाळेत जाऊन मुख्याध्यापकांकडून लेखी रजा घे, मुदत घालून. त्यात तुझा काही गुन्हा नाही, आणि तसं झालं तर मी तुला एक शब्दही बोलणार नाही.

पान वाचून डोक्यात शिरत नाही याबद्दल. तू मठ्ठ झालेली नाहीस. झोप मोडलेल्या आणि सतत कानोसा घेत बसलेल्या माणसाची एकाग्रता आणि स्मरण दोन्ही ढासळतात, ते कुणाचंही होईल. अशा डोक्याला नवा धडा देऊ नकोस. भोंग्याच्या रात्रीनंतर पूर्वी सोडवलेलीच गणितं पुन्हा सोडव, हाताने, कागदावर. वीस-पंचवीस मिनिटं, मग उठ. तेवढं झालं तर तो दिवस अभ्यासाचा धर. आणि शिक्षकांना हे सांग. तळघरात येऊन शिकवणाऱ्या माणसाला तुझी अडचण समजावून सांगावी लागणार नाही.

आता ती चार-सहा मुलं. तुझ्या शेजारी बसणारी कुणी ना कुणी अजून तिथेच असेल. चालत पाच मिनिटांच्या आत राहणारी दोन-तीन मुलं शोध आणि ठरलेल्या वेळी एकत्र बसा. १९९२ ते १९९६ बोस्नियातल्या सारायेवो शहराला वेढा पडला होता तेव्हा तिथल्या शिक्षकांनी हेच केलं. मुलांना शहराच्या या टोकापासून त्या टोकाला जायला लावण्याऐवजी ज्या त्या वस्तीत, तळघरांत, जिन्यांखाली वर्ग भरवले. धाकट्यालाही बरोबर घे, त्याची पाटी-वही घेऊन तो कोपऱ्यात बसेल. आणि नीट ऐक: रस्ता धोक्याचा असेल त्या दिवशी जायचं नाही. शिकत राहा असं मी म्हणते तेव्हा जीव धोक्यात घालून वर्गात पोच असा त्याचा अर्थ होत नाही. शाळांवर हल्ले होऊ नयेत, त्यांचा लष्करी वापर होऊ नये म्हणून २०१५ मध्ये ऑस्लोत मांडलेल्या जाहीरनाम्याला शंभराहून जास्त देशांनी मान्यता दिलेली आहे. तरीही शाळांवर बॉम्ब पडतात. तुझ्या शाळेची एक बाजू पडलेलीच आहे, मी तुला वेगळं काय सांगू. याचा मला फार राग येतो.

एक काम मात्र आजच कर, वीज आली की. सगळ्या गुणपत्रिका, शाळेचं ओळखपत्र, जन्माचा दाखला यांचे फोटो काढ आणि दुसऱ्या देशात गेलेल्या एखाद्या मैत्रिणीला पाठवून ठेव. मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून तळघरात जाताना उचलायच्या सामानात ठेव. उद्या गाव सोडायची वेळ आली तर नव्या ठिकाणी तुला कुठल्या वर्गात बसवायचं हे बऱ्याचदा त्या कागदांवरून ठरतं.

आणि जे तू एका ओळीत विचारून सोडून दिलंस, त्याबद्दल. त्याला काही झालं तर. ते होऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे, पण तसं वचन मी तुला देऊ शकत नाही. झालंच तर त्या महिन्यात शाळेबद्दल कुठलाही निर्णय घ्यायचा नाही, एवढं आत्ताच मला कबूल कर. आणि तेव्हा तू काय करत होतीस? धाकट्याला सांभाळत होतीस, खोकी भरत होतीस, वीस मिनिटं गणित करत होतीस. यातलं लपवावं असं मला तर काही सापडत नाही.

भावाला लिहितेस का गं? तळघरात काय शिकवलं, कोण कुणावर चिडलं, तुझं कुठलं गणित अडलं, असं साधंच लिही. आणि शाळेबद्दल त्याला काय वाटतं तेही विचार. उत्तर तुला आवडेलच असं नाही, पण ते त्याचं असेल.

मुकादमांकडे आठ दिवसांची मुदत माग. आईशी बोलणं झालं की तो कागदावरचा आकडा मला कळव, मग पुढचं ठरवू.

— तुझी ताई