मुलांच्या कॅम्पआधी आईची नावनोंदणी

अमेरिकेतल्या अर्बानाहून एका वाचक मैत्रिणीचं लांबलचक पत्र आलं आहे. नवरा इलिनॉय विद्यापीठात पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचा संशोधक, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर. ती एच-फोरवर, म्हणजे त्याच्यावर अवलंबून असलेल्या जोडीदाराच्या व्हिसावर. पुण्याची एम.एस्सी., बायोटेक्नॉलॉजीची. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी सहाची. राहायला विद्यापीठाच्या फॅमिली हाउसिंगमध्ये. ती लिहिते:

‘मावशी, मेअखेर शाळा संपली की थेट ऑगस्टच्या मध्यालाच उघडणार. दोघांना सगळे आठवडे उन्हाळी कॅम्पला घातलं तर पोस्टडॉकच्या पगारात भागणार नाही. घरी ठेवलं तर दिवसभर आयपॅड. भारतात असते तर एक महिना आईकडे, पंधरा दिवस सासरी, सुट्टी कधी संपली कळलंही नसतं. इथे मी एकटी या दोघांना कशी सांभाळू?’

पुढे आणखी चार प्रश्न आहेत. लॅबमध्ये बिनपगारी काम करू का, शेजारची मुलं पैसे घेऊन सांभाळू का, सासूबाई जूनमध्ये येताहेत, मुलांचं मराठी मागे पडतंय. ते सगळे उरकते, पण आधी तू जे विचारलंच नाहीस त्यावर बोलू दे.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात नवरा आहे, मुलं आहेत, सासूबाई आहेत, महाराष्ट्र मंडळाचा गुढीपाडवा आहे. अर्बाना कुठेच नाही. तीन वर्षं त्या गावात राहतेस आणि गावातल्या एकाही माणसाचं नाव पत्रात नाही. उलट एक ओळ अशी आहे: ‘शाळेच्या फॉर्मवर इमर्जन्सी काँटॅक्टचे दोन रकाने होते, दोन्हींत ह्यांचाच नंबर लिहिला, एकदा मोबाइल आणि एकदा ऑफिस.’ अगं, ही ओळ तू जाता जाता लिहिलीस. मला रात्री झोप लागेना. नवरा कॉन्फरन्सला गेलाय आणि तुला एकशेतीन ताप आहे, त्या दिवशी मुलांना शाळेतून कोण आणणार?

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. मुलांची नावनोंदणी नंतर कर, आधी स्वतःची कर. गावात कुठेतरी स्वयंसेवक म्हणून नाव घाल आणि मुलांना सोबत ने. सुट्टीचे निम्मे आठवडे त्यातच भरतील.

‘मंडळाचं काम मी करतेच की,’ असं तू म्हणशील. करतेस, आणि उत्तम करतेस. पण तिथे तू त्याच पंचवीस घरांना भेटतेस आणि त्यांची सुट्टीतली अडचण हुबेहूब तुझीच आहे. आपल्यातल्या कितीतरी जणींनी कॉलेजात एनएसएसच्या शिबिरात अनोळखी खेड्यात जाऊन गाळ उपसला आहे, सारवलेल्या अंगणात बसून तिथल्या बायकांशी तासन्‌तास गप्पा मारल्या आहेत. तेव्हा लाजलो नाही. मग विमानातून उतरल्यावर आपल्याला काय होतं? इंग्रजी आपलं बरं असतं, हातपाय धड असतात, आणि तरी समोरच्या घरातल्या बाईला फक्त हात हलवायचा.

मेमध्येच सुरुवात करता येईल असं एक काम तुझ्या गावात आहे. युनिव्हर्सिटी वायएमसीए ही कॅम्पसवरच्या मुलांमध्ये काम करणारी सेवाभावी संस्था ‘डम्प अँड रन’ चालवते. सेमिस्टर संपून मुलं खोल्या रिकाम्या करतात तेव्हा मागे टाकलेले सोफे, दिवे, सायकली, भांडी गोळा करायची आणि ऑगस्टमध्ये नवी मुलं आली की स्वस्तात विकायची. वस्तू निवडायला, पुसायला, मांडायला माणसं लागतात. नऊ वर्षांच्या मुलाला सोबत आणता येईल का, हे आधी विचारून घे. वयाची अट प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. ऑगस्टमध्ये दोन बॅगा घेऊन उतरलेला नागपूरचा किंवा सांगलीचा एखादा मुलगा तिथूनच टेबल-लॅम्प उचलणार आहे, हेही लक्षात असू दे.

घराबाहेरचं काम हवं असेल तर ब्यूझी वूड्स आहे, अनिता पर्व्हेस नेचर सेंटरच्या शेजारचं जंगल. इकडच्या जंगलांत वसंतात गार्लिक मस्टर्ड नावाचं परकं रोप माजतं आणि इथल्या मूळच्या रानफुलांना जागा उरू देत नाही. ते बी धरायच्या आत मुळासकट उपटावं लागतं. चुरगळलं की पानाला लसणीचा वास येतो, त्यामुळे लहान मुलंही ते अचूक ओळखतात. आम्ही विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला होतो तेव्हा माझी थोरली सात वर्षांची होती. तिकडच्या जंगलात ती हे रोप शोधण्यात इतकी पटाईत झाली की मोठी माणसं तिला विचारून खात्री करून घ्यायची. शाळेत वर्गात तोंड न उघडणारी पोर ती. कुठल्याही कॅम्पच्या जाहिरातीत हे लिहिलेलं नसतं.

आणि मी स्वतः? माझ्याकडेही तेव्हा वर्क परमिट नव्हतं. मी पब्लिक लायब्ररीच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीत खोकी लावायला जायचे. शेजारच्या टेबलावर एक निवृत्त शिक्षिका बसायच्या. धाकट्याच्या वेळी मला भलत्या वेळी हॉस्पिटलात जावं लागलं तेव्हा आमच्या ह्यांनी फोन केला तो त्यांना, आणि थोरली त्या रात्री त्यांच्या घरी झोपली. पुढे परमिट आलं, नोकरीसाठी अर्ज केला, तेव्हा इथल्या माणसाचं शिफारसपत्र मागितलं गेलं. ते लायब्ररीतल्या समन्वयक बाईंनी दिलं. ‘रेझ्युमेतली गॅप मला खाते,’ असं तू लिहिलंयस ना? ती अशीही भरता येते.

आता लॅब. एका प्रोफेसरांनी तुला बिनपगारी यायला सांगितलं आणि तू हरखून गेलीस. थांब जरा. ज्या कामासाठी त्याच लॅबमध्ये दुसऱ्याला पगार मिळतो ते काम पगार न घेता केलं तरी कामच धरलं जाऊ शकतं, आणि तुला कामाची परवानगी नाही. धर्मादाय किंवा सार्वजनिक संस्थेत, जिथे ते काम सगळेच विनामूल्य करतात आणि पुढे नोकरीचं आश्वासन नसतं, तिथे एच-फोरवरची माणसं जातात. लॅबला होकार देण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी आणि स्कॉलर कार्यालयात जा, लेखी विचार, लेखी उत्तर घे. नवऱ्याच्या ग्रीनकार्डासाठीचा आय-140 हा अर्ज मंजूर झाला की एच-फोरवरही परमिटसाठी अर्ज करता येतो, 2015 पासून ती सोय आहे. जे-टूवरच्या (एक्स्चेंज व्हिसावर आलेल्यांच्या) बायकांना अर्ज करता येतो, एफ-टूवरच्यांना (विद्यार्थ्यांच्या बायकांना) नाही. मैत्रिणीला चाललं म्हणून मलाही चालेल, असं धरून बसू नकोस.

शेजारची मुलं पैसे घेऊन? नाही. रोख असो, ‘झेल’ने बँकेतून पाठवलेले असोत, ‘आपल्यातल्या आपल्यात’ असो, नाही म्हणजे नाही. तीस-चाळीस डॉलरसाठी सगळ्या घराचा व्हिसा टांगणीला लावायचा नसतो.

अदलाबदल मात्र जरूर कर. मंगळवारी तिची मुलं तुझ्याकडे, गुरुवारी तुझी तिच्याकडे. पैशांचा व्यवहार नसलेली अशी शेजाऱ्यांमधली आपापसातली सोय इथला आयकर विभागही उत्पन्नात धरत नाही. 1970 च्या दशकात वॉशिंग्टनला कॅपिटॉल हिलवर दीडएकशे जोडप्यांनी असा गट चालवला होता. मुलं सांभाळली की कुपन मिळायचं, आपली ठेवायची तर कुपन द्यायचं. झालं काय, जो तो कुपनं साठवायला लागला. सगळे दुसऱ्याची मुलं सांभाळायला तयार, आपली सोपवून बाहेर पडायला कुणी तयार नाही, आणि गट ठप्प झाला. अर्थशास्त्रवाले हे उदाहरण अजून सांगतात. मला त्यात आपल्या बायका दिसतात. दुसरीच्या मदतीला अर्ध्या रात्री धावतील, स्वतःसाठी दोन तास मागायचे म्हटले की जीभ रेटत नाही. तुझ्या जिन्यात कोरियन आणि ब्राझिलियन कुटुंबं आहेत, हेही तूच लिहिलंयस. त्यांच्या आयाही मेच्या शेवटाकडे डोळे लावून घाबरून बसल्या असतील. दार वाजव. मांसाहार आणि अ‍ॅलर्जीचं आधी बोलून घे, म्हणजे पुढे कुणाला संकोच नको.

कॅम्प अजिबात नकोत असं मी म्हणत नाही. दोन-तीन आठवडे घाल, पण विद्यापीठाचे महागडे रोबोटिक्सचे सोडून दे आणि पार्क डिस्ट्रिक्टचे, म्हणजे गावच्या बागा आणि खेळ बघणाऱ्या सार्वजनिक संस्थेचे, बघ. कमी उत्पन्नाच्या घरांना तिथे फीत सवलत मिळू शकते. अर्ज करायला लाजू नकोस, पोस्टडॉकचा पगार काय असतो ते त्या गावात सगळ्यांना माहीत आहे. डिपेंडंट केअरचा, म्हणजे मुलं सांभाळण्याच्या खर्चासाठीचा, करसवलतीचा जो खातेप्रकार नवऱ्याच्या मित्राने सांगितला, तो आईवडील दोघंही कमावते, नोकरी शोधणारे किंवा पूर्णवेळ शिकणारे असतील तर. तुला आज लागू नाही, त्याचा नाद सोड.

मुलगा नऊचा आहे, त्याला फोर-एचमध्ये, म्हणजे हातांनी कामं करत शिकायच्या मुलांच्या मंडळात, घालता येईल. तुझ्याच विद्यापीठाचा विस्तार विभाग ते चालवतो. पाच ते सातच्या मुलांसाठी वेगळा गट असतो, तेव्हा मुलगीही जमेल. भाजी लावा, ससा पाळा, शिवणकाम करा, आणि उन्हाळ्यात काउंटीच्या (जिल्ह्याच्या) जत्रेत मांडा. त्यांनाही मोठी स्वयंसेवक माणसं हवी असतात. मुलांबरोबर काम करायचं तर पार्श्वभूमीची तपासणी होते, फॉर्म भरावा लागतो. तो बघून घाबरून परत फिरू नकोस, सगळ्यांचीच होते.

फुकटात करण्यासारखं तर चिक्कार आहे. लायब्ररीचा उन्हाळी वाचनाचा कार्यक्रम आहे, शनिवारचा बाजार आहे. कॅम्पसवर मॉरो प्लॉट्स आहेत, 1876 पासून पिकांचे प्रयोग चालू असलेलं शेत. त्याच्यावर सावली पडू नये म्हणून शेजारची लायब्ररी जमिनीखाली बांधली. हे ऐकलं की मुलं ते बघायला नेण्याचा हट्ट धरतील.

मराठीचं काय, तर रोज रात्री अर्धा तास मोठ्याने वाचून दाखव. वर्ग, वह्या, परीक्षा सुट्टीत नकोत.

सासूबाईंना ‘मुलांकडे बघायला’ बोलावू नकोस, भेटायला बोलाव. आमच्या सासूबाई आल्या की सकाळी त्यांचा चहा, पोथी आणि फिरणं, दुपारी नातवंडं, असं ठरलेलं असायचं, आणि घरात शांतता असायची. त्यांचा प्रवासी आरोग्यविमा त्या विमानात बसायच्या आधी काढ. त्यांच्या बीपीच्या गोळ्या पूर्ण मुक्कामाला पुरतील एवढ्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट आणायला सांग. आणि वायएमसीएचा फोन मात्र याच आठवड्यात कर, सेमिस्टर मेच्या पहिल्या पंधरवड्यात संपतं.