भान सुटणं आणि ताबा सुटणं

प्रश्न असा होता की मेंदूवरच्या एका लेखाचं मराठी करताना 'सेल्फ कंट्रोल'ला 'भान' लिहिलं तर चालेल का, रागात माणसाचं भान सुटतं म्हणतोच की आपण, मग भान काय नि ताबा काय.

माझ्या मते नाही चालणार. रागात दोन्ही एकदम जातात म्हणून ते एक वाटतं, एवढंच. "कळतंय पण वळत नाही" म्हणतो ना, तिथं भान शाबूत असतं, ताबा नसतो. आणि उलटंही होतं. आपल्या सोलापुरात दोस्ताला "काय बे" म्हणणं म्हणजे प्रेम, पण तेच एखादा जावई सासऱ्यांना हसत हसत म्हणाला तर? आवाज चढलेला नाही, राग नाही, ताबा सगळा जागेवर, फक्त समोर कोण बसलंय याचं भान नाही. 'बे' कुणाला चालतं नि कुणाला नाही हे इथं कुणी शिकवत बसत नाही, समोरच्याच्या तोंडाकडं बघून कळतं.

भान संस्कृतातलं, 'भा' म्हणजे प्रकाशणं, दिसणं, त्यावरून जाणवणं. म्हणून चक्कर आलेला माणूस भानावर येतो, 'ताब्यावर' येत नाही. ताबा अरबीतनं आलाय, ताबेदार त्यातलाच, म्हणजे हुकमाखाली असणं. गणपतीच्या मिरवणुकीत लेझीम खेळणारी पोरं बेभान होतात म्हणतो आपण, तरी एकाचाही ठोका चुकत नाही! ते कौतुक असतं. बेकाबू मात्र कौतुकानं कुणी कुणाला म्हणत नाही, तो शब्द गर्दीला नाहीतर ब्रेक फेल झालेल्या ट्रकला.

आता गंमत अशी की मेंदूवाल्यांनाही या दोन गोष्टी वेगळ्याच सापडल्यात. एक टेस्ट असते, स्क्रीनवर खूण दिसली की बटन दाबायचं, पण मध्येच थांबायचा इशारा आला तर हात आवरायचा. त्यात कपाळामागच्या भागातला उजवीकडचा खालचा पट्टा कामाला लागतो, तिथं इजा झालेल्यांना थांबायला जास्त वेळ लागतो. हा झाला ताबा.

भानाचं उदाहरण याहून भारी आहे. मानसशास्त्रज्ञ जेनिफर बीअर आणि सहकाऱ्यांनी २००६ साली एक अभ्यास छापला, डोळ्यांच्या खोबणीच्या अगदी वरच्या भागाला इजा झालेल्या पेशंटवर. अनोळखी माणसाशी काय बोलावं नि काय नाही हे त्यांना माहीत होतं, पण प्रत्यक्ष बोलायला बसवलं की नको तेवढं खासगी सांगून मोकळे, आणि आपण काही वावगं बोललो असं वाटायचंही नाही. नंतर त्यांचाच व्हिडिओ त्यांना दाखवला तेव्हा कुठं ओशाळले. म्हणजे नियम माहीत, लाजही होती, पण बोलता बोलता स्वतःवर जी नजर लागते ती नव्हती, आणि लाज वेळेवर येत नव्हती. याला ताबा सुटला म्हणणं मला पटत नाही, हे भानच.

अर्थात मेंदूत अशा भिंती घातलेल्या नसतात, हे सगळे भाग एकमेकांना जोडलेले, आणि ताण फार झाला की कपाळामागचा सगळाच कारभार ढिला पडतो. म्हणून तर रागात दोन्ही शब्द चालतात.

तर तुम्ही सरळ 'स्वतःवरचा ताबा' लिहा. 'आत्मनियंत्रण' चुकीचं नाही पण परिपत्रकातलं वाटतं, आणि 'संयम' हा मोहाला थांबवून वाट बघण्यासाठी राखून ठेवा, क्षणात हात आवरण्याला तो जड होतो. लेखात दुसऱ्याच्या मनातलं ओळखण्याबद्दल काही असेल, साधारण चार वर्षांच्या पोराला कळायला लागतं की समोरच्याची समजूत चुकीची असू शकते वगैरे, तर तिथं 'भान'ही नको नि 'ताबा'ही नको, 'दुसऱ्याचं मन ओळखणं' एवढं पुरे. 'आवर'ही छान शब्द आहे, "राग आवर" कुणालाही कळतं, फक्त 'आवरतं घ्या' लिहू नका, ते लांबलेल्या भाषणाला म्हणतात.